तरुण, दांडग्या बुलडॉगला रेस्क्यू ग्रुपमार्फत नवं घर मिळवून देताना

आमचा बंड्या, २४ किलोचा इंग्लिश बुलडॉग, १४ महिन्यांचा असताना आम्ही त्याला दुसऱ्या घरी द्यायचं ठरवलं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती आमच्याकडे राहायला आली होती. बंड्याला माणूस दिसलं की पळत येऊन गुडघ्यांवर छातीने धडक द्यायची सवय. प्रेमानेच द्यायचा. पण आई दुसऱ्यांदा पडता पडता वाचली, त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे रेस्क्यू ग्रुपमार्फत (सोडून दिलेले, अडचणीतले कुत्रे ताब्यात घेऊन त्यांना नवं घर शोधून देणारी संस्था) तो नव्या घरी पोहोचेपर्यंत अडीच महिने गेले. त्यातले निदान पाच आठवडे मला काही गोष्टी वेळेवर न कळल्यामुळे वाया गेले आणि त्याचा त्रास बंड्याला झाला. तुमच्या कुत्र्यावर ती वेळ येऊ नये म्हणून घडलं तसं, क्रमाने सांगते.

१. आधी बघा: अडचण कुत्र्याची आहे की वयाची?

बुलडॉग म्हणजे दिवसभर घोरत पडणारा कुत्रा, असं समजून आपण त्याला आणतो. पूर्ण वाढलेला बुलडॉग बऱ्याचदा तसा असतोही. पण साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा बुलडॉग हा वेगळाच प्राणी आहे. तो झेपावतो, ढकलतो, कपडे तोंडात धरून ओढतो आणि खेळताना सगळं वजन समोरच्यावर टाकतो. हे त्याचं वयात येणं आहे. २०२० मध्ये 'बायोलॉजी लेटर्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात असं दिसलं की पाचव्या महिन्यापेक्षा आठव्या महिन्यात कुत्रे 'बस' ही आज्ञा आपल्या माणसाची कमी ऐकतात, परक्याची मात्र ऐकतात. तुमचा कुत्रा नेमका तुमचंच ऐकत नसेल, तर तो बिघडला असं लगेच समजू नका.

या टप्प्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. 'दमवला की शांत होईल' म्हणून त्याला पळवतात. बुलडॉगच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याच्या नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मऊ भाग लांब असतो, त्यामुळे त्याला तेवढी हवा खेळवता येत नाही. कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१च्या वर गेलं तर मिनिटामिनिटाला धोका वाढतो. धाप थांबत नसेल, घशातून खरखर येत असेल, लाळ घट्ट झाली असेल, जीभ गडद लाल किंवा जांभळट दिसत असेल, तर खेळ तिथेच थांबवा. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि मग लगेच डॉक्टरांकडे न्या. तरुण बुलडॉगला स्वतःहून थांबायचं कळत नाही, ते तुम्हालाच कळावं लागतं.

त्याला शांत करायला पायांपेक्षा डोक्याला काम द्यावं लागतं. पहाटे आणि रात्री उशिरा, गारव्यात, छोट्या फेऱ्या. त्या फेरीत त्याला हवं तेवढं हुंगू द्यायचं, ओढून पुढे न्यायचं नाही. जेवण वाडग्यात न देता घरभर लपवून शोधायला लावायचं. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी पाच मिनिटं शिकवणी. आणि भरपूर झोप. झोप अपुरी झालेला तरुण कुत्रा नुसती चिडचिड करत नाही, दांडगाईही जास्त करतो. हे मला फार उशिरा कळलं.

एकदा डॉक्टरांकडूनही तपासून घ्या. त्वचेच्या घड्यांमधली खाज, बोटांच्या बेचक्यातले फोड, खुब्याचं दुखणं, श्वासाचा त्रास या सगळ्यांमुळे कुत्रा अस्वस्थ होतो आणि आपण त्याला द्वाड म्हणतो.

दोन-तीन आठवडे हे मनापासून करून बघा. बंड्यात बराच फरक पडला, पण आईच्या हातात कुबडी होती आणि एक धडकसुद्धा जास्त होती. आमचा निर्णय कायम राहिला. तुमचाही राहिला तर स्वतःला शिव्या घालत बसू नका. रेस्क्यूवाले असे फोन रोज घेतात. उशिरा, वैतागून, तावातावाने आलेल्या फोनपेक्षा वेळेवर आलेला फोन त्यांना हवा असतो.

२. कुत्रा घेतानाचा कागद शोधा

कुत्रा ब्रीडरकडून किंवा एखाद्या संस्थेकडून घेतला असेल तर त्या वेळी सही केलेला कागद वाचा. जबाबदार ब्रीडरच्या करारात बहुधा अट असते की कुत्रा ठेवता येत नसेल तर आधी आम्हाला कळवा. रेस्क्यू संस्थेच्या दत्तकपत्रात तर ती असतेच. तशी अट असूनही परस्पर दिलात तर पुढे मालकीवरून वाद होतो आणि मधल्यामध्ये कुत्रा अडकतो.

घरातल्या सगळ्यांची संमती घ्या. मायक्रोचिपची (कातडीखाली बसवलेली ओळखीची छोटी चिप) नोंद कोणाच्या नावावर आहे तेही आत्ताच पाहा. सोडपत्रावर, म्हणजे कुत्रा ग्रुपला दिल्याच्या कागदावर, बहुधा त्याच व्यक्तीची सही लागते.

३. आपल्याकडे कोणता बुलडॉग आहे?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण फोनवर पहिला हाच विचारला जातो. फ्रेंच बुलडॉग साधारण १३ किलोपर्यंत असतो. इंग्लिश बुलडॉग २० ते २५ किलोंचा, बुटका, रुंद. अमेरिकन बुलडॉग उंच, लांब पायांचा, ४० किलोंच्या पुढेही जाऊ शकतो आणि त्याची धाव खरोखरच मोठ्या कुत्र्याची असते. तिघांना लागणारं घर वेगळं आणि ते सांभाळणारे ग्रुपही अनेकदा वेगळे. मिश्र जात असेल तर तसं सांगा. बाजूने आणि समोरून काढलेला एकेक फोटो पाठवा, बाकी त्यांना कळतं.

४. ग्रुप निवडा, आणि 'फुकट देणे आहे' असं कुठेही लिहू नका

मी घाईत पहिलं काम हेच केलं होतं. एका संध्याकाळी फोटो टाकून 'चांगल्या घरी मोफत देणे' असं लिहिलं. रात्रीपर्यंत अकरा जणांनी विचारलं. त्यातल्या सात जणांचा पहिला प्रश्न होता, 'नसबंदी झाली आहे का?' 'नाही' म्हटल्यावर त्यांचा उत्साह वाढला. त्यांना बंड्या नको होता, त्याची पिल्लं हवी होती. मादी असेल तर धोका आणखी मोठा. बुलडॉगची बहुतेक बाळंतपणं सिझेरियनने करावी लागतात, कारण पिल्लांचं डोकं मोठं आणि आईचा कंबरेचा सापळा अरुंद. अशा माणसाच्या हाती ती पडली तर दर वेळी पोट फाडलं जाणार. मी ती जाहिरात रात्रीच काढली.

फक्त बुलडॉग किंवा फक्त चपट्या नाकाचे कुत्रे सांभाळणारा ग्रुप मिळाला तर उत्तम, कारण श्वास, घड्या, उष्णता, भूल याबद्दल त्यांना शिकवावं लागत नाही. नाही मिळाला तर सर्व जातींचा ग्रुपही चालेल, पण त्यांना हे जरूर विचारा:

— कुत्रा आधी फॉस्टरच्या (कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळणाऱ्याच्या) घरी राहतो की थेट नव्या मालकाकडे जातो?
— नवं घर कोण बघून येतं?
— दत्तक देण्याआधी नसबंदी होते का?
— नव्या घरी जमलं नाही तर कुत्रा परत कोण घेतं?
— उपचाराचा खर्च कोण करतं, आणि मोठं ऑपरेशन लागलं तर निर्णय कोण घेतं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'आम्ही, कधीही, कितीही वर्षांनी' असं आलं तर ग्रुप चांगला आहे असं समजायला हरकत नाही. जो ग्रुप तुम्हाला एकही प्रश्न न विचारता 'आजच आणून सोडा' म्हणतो, त्याच्यापासून जपून राहा. जो खूप प्रश्न विचारतो, फोटो मागतो, आठवडाभराने परत फोन करतो, त्याचा राग येतो खरा, पण तोच नव्या मालकालाही तितकेच प्रश्न विचारणार असतो.

काही ग्रुप जागा नसली की कुत्रा तुमच्याच घरी ठेवून त्याची माहिती त्यांच्या यादीत देतात आणि येणाऱ्यांची चौकशी ते करतात. कुत्र्याच्या दृष्टीने हे चांगलं, एक घर बदलणं वाचतं. तुमच्या घरात कोणाला धोका नसेल तर हाच मार्ग घ्या. आणि फार लांबचा ग्रुप घेऊ नका. अनेक विमान कंपन्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सामानाच्या कक्षातून नेत नाहीत, त्यामुळे प्रवास गाडीनेच करावा लागतो.

५. कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा

— लसीकरणाचं कार्ड: रेबीज, तसंच डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्रित लस, तारखांसह
— जंताच्या आणि गोचीड-पिसवांच्या औषधांच्या शेवटच्या तारखा
— डॉक्टरांकडचा पूर्ण इतिहास, ऑपरेशनचे कागद, रक्ताचे अहवाल, भुलेचा काही त्रास झाला असल्यास त्याची नोंद
— मायक्रोचिपचा १५ अंकी नंबर आणि तो कुठे नोंदवला आहे
— वंशावळीचा दाखला असेल तर तो
— कुत्रा घेतानाचा करार किंवा पावती
— तुमच्या ओळखपत्राची प्रत
— स्थानिक परवाना असेल तर तो
— विम्याचे कागद असतील तर तेही

डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की रेस्क्यूवाल्यांचा फोन येईल आणि माहिती द्यायला तुमची हरकत नाही. नाहीतर ते देत नाहीत, आणि त्यात आठवडा जातो.

६. ग्रुपचा अर्ज भरताना खरं लिहा, सगळं लिहा

माझे पाच आठवडे गेले ते इथे. 'स्वभाव' या रकान्यात मी लिहिलं होतं: 'खेळकर, प्रेमळ, थोडा अवखळ.' खोटं नव्हतं. पण हे वाचून कोणालाही काही दिसत नव्हतं. मला भीती होती, खरं लिहिलं तर त्याला कोणी घेणारच नाही. ग्रुपने त्याला ज्या फॉस्टरकडे पाठवलं तिच्याकडे नऊ वर्षांची, सांधे दुखणारी एक कुत्री होती. बंड्याने तिला पहिल्याच संध्याकाळी भिंतीशी दाबलं. चौथ्या दिवशी तो परत आमच्या दारात होता, आणि गाडीतून उतरताना शेपटी हलवत नव्हता, नुसता बघत होता. ती नजर माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

ग्रुपच्या समन्वयक ताई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही विशेषणं लिहिलीत. मला प्रसंग लिहून द्या." मग मी दुसऱ्यांदा लिहिलं:

'दार उघडलं की पळत येऊन गुडघ्यांवर छातीने आदळतो, दिवसातून पाच-सहा वेळा. माणूस पाठ फिरवून स्थिर उभा राहिला तर अर्ध्या मिनिटात खाली बसतो. खेळताना मनगट तोंडात धरतो, दाब हलका, कातडी कधी फुटलेली नाही. जेवताना कोणी जवळ आलं तर खाणं थांबवून बघतो, गुरगुरत नाही. हाडासारखी चघळायची वस्तू मात्र सोडत नाही, काढून घेताना दोनदा गुरगुरला आहे. आपल्या आकाराच्या कुत्र्यांशी छान खेळतो, लहान आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना तुडवतो. मांजर दिसलं की पाठलाग. सहा वर्षांच्या भाचीला एकदा खाली पाडलं, ती रडली की लगेच तिच्याजवळ जाऊन पडून राहिला. पाच तास एकटा राहू शकतो. मोटारसायकलच्या आवाजाला घाबरतो.'

नऊ दिवसांत दुसरा फॉस्टर मिळाला. त्याच्याकडे आधीचा दोन वर्षांचा दणकट बुलडॉग होता आणि त्याला धडका देणाराच सोबती हवा होता. खरं लिहिल्यामुळे दार बंद झालं नाही. चुकीची दारं बंद झाली.

चावण्याबद्दल तर काहीही लपवू नका. प्राणिवर्तनतज्ज्ञ डॉ. इयान डनबार यांनी चाव्याचे सहा स्तर सांगितले आहेत. पहिल्यात दात अंगाला लागतच नाहीत, दुसऱ्यात लागतात पण कातडीत घुसत नाहीत, पुढे जखमेचं गांभीर्य वाढत जातं. अनेक ग्रुप हीच पट्टी वापरतात. म्हणून 'चावला' किंवा 'चावत नाही' एवढ्यावर थांबू नका. कोणाला, कधी, काय चाललं होतं, जखम किती झाली, तो स्वतःहून सुटला की सोडवावा लागला, हे लिहा. लपवलेला चावा नव्या घरातल्या मुलाला भोगावा लागतो आणि मग त्या कुत्र्याला तिसरं घर मिळणं फार कठीण होतं. ग्रुपने यामुळे नकार दिलाच, तर त्यांनाच वर्तनतज्ज्ञाचं नाव विचारा.

अर्जासोबत एक-दीड मिनिटाचे तीन व्हिडिओ पाठवा: घरात पाहुणा आल्यावर, पट्ट्यावर चालताना आणि जेवताना. नटवून काढू नका.

७. वाट बघताना

जागा मिळायला काही आठवडे लागू शकतात. हा वेळ त्याला नव्या घरासाठी तयार करायला वापरा. आम्ही चारच गोष्टींवर भर दिला: दार उघडण्याआधी बसणं, तोंडातली वस्तू चांगल्या खाऊच्या बदल्यात सोडणं, क्रेटमध्ये (कुत्र्याच्या जाळीच्या पेटीत) स्वतःहून जाऊन पडणं आणि पंजे-कान-घड्यांना हात लावू देणं. शेवटची सवय बुलडॉगला सगळ्यांत उपयोगी, कारण चेहऱ्यावरच्या घड्या आणि शेपटीच्या बुडाची खाच आयुष्यभर कोणीतरी पुसून कोरडी ठेवणारच आहे.

गळ्यातला पट्टा ओळखपट्टी अडकवायला ठेवा, फिरवायला मात्र हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) वापरा. या कुत्र्यांच्या श्वासनलिकेवर ओढ नको. आईसाठी आम्ही दारात लहान मुलांसाठी असतं तसं जाळीचं फाटक बसवलं. ते पहिल्या दिवशीच बसवायला हवं होतं.

नसबंदी तुम्ही करून द्यायची की ग्रुप करणार, हे त्यांच्याशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा. चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल देताना, आणि विशेषतः भुलेतून बाहेर येताना, जास्त लक्ष ठेवावं लागतं. म्हणून अशा कुत्र्यांचा अनुभव असलेला डॉक्टरच निवडा.

८. सोपवण्याचा दिवस

वेळ सकाळची घ्या. गाडी आधी थंड करून ठेवा. निघण्याच्या तीन-चार तास आधी थोडंसंच खाऊ घाला. बंद गाडीत त्याला एक मिनिटही एकटं ठेवू नका.

पिशवीत त्याचं नेहमीचं खाणं निदान दहा दिवसांचं द्या, म्हणजे नवं खाणं हळूहळू मिसळून बदलता येईल. चालू औषधं, हार्नेस आणि एखादं आवडतं खेळणं ठेवा. त्याचं अंथरूण धुऊ नका, तसंच द्या, त्याला घराचा वास येऊ दे. सोबत एक कागद लिहा: तुम्ही वापरता ते शब्द. बंड्याला 'सोड' कळायचं, 'दे' कळायचं नाही. नव्या माणसाला हे कसं माहीत असणार? त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा की याला खोल पाण्यात सोडू नका. डोकं जड, छाती रुंद, पाय आखूड. बहुतेक बुलडॉग तरंगत नाहीत, बुडतात.

सोडपत्र घरी आधीच मागवून वाचा. सही केल्यावर मालकी ग्रुपकडे जाते. नवं घर त्यांनी निवडायचं, पत्ता तुम्हाला मिळेलच असं नाही आणि मन बदललं तरी परत मागायचा हक्क बहुधा उरत नाही. नव्या घराची खबर मिळेल का, हे सहीच्या आधी विचारा आणि मिळणार असेल तर लिहून घ्या. काही ग्रुप या वेळी उपचारांसाठी देणगी मागतात. जमेल तेवढी द्या.

निरोप थोडक्यात आटपा. मी त्याला धरून रडले, तर तो घाबरून माझ्याच पायांत शिरला. शेवटी फॉस्टरने पट्टा हातात घेतला, काही न बोलता चालायला लागला आणि बंड्या हुंगत हुंगत त्याच्या मागे गेला.

९. त्यानंतर

रेस्क्यूवाले एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे, तीन महिने आपलं वाटायला लागण्याचे. पहिल्या तीन आठवड्यांत भेटायला जाऊ नका, विचारूही नका. तुम्ही गेलात की त्याची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. फॉस्टरला काही विचारायचं असेल तेव्हा मात्र फोन लगेच उचला.

एक काम माझ्याकडून राहिलं, ते तुम्ही विसरू नका. मायक्रोचिपमध्ये फक्त नंबर असतो. नाव, पत्ता, फोन हे सगळं नोंदणीच्या यादीत असतं आणि ते कोणीतरी बदलल्याशिवाय बदलत नाही. मला वाटलं ग्रुपने केलं असेल, ग्रुपला वाटलं मी. आठ महिन्यांनी एका दवाखान्यातून फोन आला, "तुमचा कुत्रा सापडला आहे." नव्या घरचं फाटक उघडं राहिलं होतं. मी समन्वयक ताईंना कळवलं आणि तासाभरात त्याची माणसं त्याला घ्यायला पोहोचली. माझा नंबर बदललेला असता तर? त्याच संध्याकाळी मी नोंद बदलण्याचा अर्ज भरला. तुम्ही तो सोपवण्याच्या दिवशीच, सोडपत्रासोबत भरा, आणि पंधरा दिवसांनी यादीत नवं नाव दिसतंय ना, ते स्वतः बघा.